बंदुकीच्या तोंडचा जाळ: दारू कशी पारखावी, डोळे आणि कडबा कसा सांभाळावा

जागलीला बसलेल्या माणसाला रात्री उडवलेल्या बाराचा पहिला दणका कानाला नाही, डोळ्याला बसतो. तूर शेंगांनी लगडलेली, अमावस्येच्या मागची-पुढची रात्र, अर्धा तास अंधारात बसून डोळे असे सरावलेले की बांधावरची बाभूळ आणि तिच्या बुडाशी उभं डुक्कर वेगळं दिसावं. मग बार होतो. नळीच्या तोंडाशी हातभर जाळ उठतो आणि नंतर कितीतरी वेळ डोळ्यांपुढे नुसता हिरवा-जांभळा डाग तरंगत राहतो. डुकरं पळाली, थांबली, का आपल्याच आखाड्याकडं वळली, काही उमगत नाही. आमच्या बापूंचा यावर एकच इलाज होता: बार झाला की माळ्यावरून लगेच खाली उतरायचं नाही.

इलाज बरोबरच होता, पण जाळ होतो कशानं हे बापूंना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही बरीच वर्षं वाटायचं की न जळालेली दारू बाहेर येऊन पेटते, म्हणून जाळ दिसतो, आणि जाळ मोठा म्हणजे बार जोरकस. ह्यातलं पहिलं अर्धवट खरं आहे आणि दुसरं साफ खोटं. मराठवाड्यात बंदूक बाळगणाऱ्यांपैकी बहुतेकांकडं तीनच प्रकार दिसतात: ठासणीची भरमार, बारा बोअरची दुनळी किंवा एकनळी, आणि थोड्यांकडं .३१५ ची रायफल. तिघींचा जाळ वेगळा, तिघींची दारू वेगळी, म्हणून उपायही वेगळे.

सुरुवातीलाच एक गोष्ट. हे सगळं परवानाधारकांसाठी आहे. पिकाच्या रक्षणासाठी परवाना असला तरी जनावर मारण्याची मुभा त्यात येत नाही. ती वनखात्याकडून वेगळी, लेखी घ्यावी लागते. रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत तशी परवानगी मिळू शकते. काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्याच्याकडं नळी वळवायचीसुद्धा नाही, मग त्यानं हरभऱ्याचं कितीही वाटोळं केलेलं असो.

आधी जाळ समजून घ्या

चुलीत ओलसर सरपण घातलं की आधी नुसता धूर येतो. आपण फुंकणीनं फुंकर घालतो आणि तोच धूर भस्सकन पेट घेतो. धुरात जळण्याजोगा वायू असतो, त्याला हवा आणि पुरेशी उष्णता मिळायचा अवकाश. बंदुकीच्या तोंडाशी नेमकं हेच घडतं.

बिनधुराच्या दारूत, म्हणजे आजच्या काडतुसांतल्या पावडरीत, नायट्रोसेल्युलोज असतं. तिच्यात स्वतःचा प्राणवायू असतो, पण पूर्ण जळायला तो पुरत नाही. त्यामुळं गोळीमागून नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन भरपूर असतात. दोन्ही जळणारे. बाहेर पडताना हे वायू तापलेलेच असतात, म्हणून अगदी तोंडाशी एक छोटा लालसर उजेड दिसतो. पुढं काही इंचांवर वायूंची धडक हवेवर होते, ते पुन्हा दाबले जातात, पुन्हा तापतात आणि दुसरा उजेड उमटतो. आणि मग हवेतला प्राणवायू मिसळला की तो सगळा गोळाच पेटतो. डोळे दिपवणारा जाळ हा तिसरा. पहिले दोन बारकाईनं बघितले तरच दिसतात.

म्हणजे जाळ तीन गोष्टींवर ठरतो. वायू तोंडाशी येईपर्यंत किती दाब शिल्लक आहे, ते किती तापलेले आहेत, आणि त्यांत जळण किती उरलंय. नळी आखूड असली की दाब आणि उष्णता दोन्ही जास्त उरतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी जंगलातल्या लढाईसाठी .३०३ रायफलीची नळी काही इंचांनी आखूड केली आणि लगेच तिच्या तोंडाला नरसाळ्यासारखा शंकू बसवावा लागला. तो शंकू शोभेचा नव्हता. आखूड नळीचा जाळ सैनिकाच्या स्वतःच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून होता.

काळ्या दारूचं, म्हणजे शोरा, गंधक आणि कोळशाच्या बारुदाचं, गणित निराळं. ती जळल्यावर वजनानं निम्म्याहून जास्त भाग वायू न होता घनच राहतो. पांढरा धूर, नळीतली काजळी आणि उडणाऱ्या ठिणग्या, सगळं त्या घन भागातून. तिचा जाळ पिवळा-नारिंगी, आणि त्यात तुटलेल्या ताऱ्यांसारखे कण. डोळ्याला तो त्रास देतोच, पण शेतकऱ्याला खरी भीती त्या कणांची. तिच्याकडं नंतर येतो.

आपली बंदूक कोणत्या दारूची, ते पक्कं करा

ही पायरी चुकली तर पुढचं वाचून उपयोग नाही.

शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचाच उल्लेख आहे. ठासणीची पुरेशी पडणार नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर तो दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देऊ शकतो. म्हणून आपल्याकडं गावोगावी आजही भरमार दिसते. तिची नळी काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेली असते. तिच्यात बिनधुराची दारू, चिमूटभरसुद्धा, घालायची नाही. काडतूस फोडून त्यातली पावडर भरमारीत ठासण्याचा उद्योग कुणी शहाणा सुचवत असेल तर त्याच्या हाताची बोटं मोजून घ्या. त्याच वजनाच्या बिनधुराच्या दारूचा दाब काळीच्या कितीतरी पट चढतो आणि नळी दस्त्याजवळ फुटते, म्हणजे डाव्या हाताच्या वर आणि तोंडापुढं. फटाक्यातली दारू तर त्याहून वाईट. ती ढकलत नाही, फोडते.

बारा बोअरमध्ये दोन गोष्टी बघा. आजोबांच्या काळातली बंदूक असेल आणि नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसत असेल तर ती लोखंडाच्या पट्ट्या पिळून, जोडून केलेली नळी आहे. तिला आजची काडतुसं लावण्याआधी परवानाधारक दुरुस्तीवाल्याला दाखवाच. दुसरं, काडतुसाची लांबी. जुन्या बंदुकांचं घर, म्हणजे नळीत काडतूस बसायची जागा, ६५ मिलिमीटरच्या काडतुसाचं असतं, आज ७० चीही मिळतात. गंमत अशी की ७० चं काडतूस ६५ च्या घरात व्यवस्थित बसतं, कारण ही लांबी उडाल्यानंतर उलगडलेल्या पुंगळीची असते. बसलं म्हणून चालतं असं नाही. उलगडायला जागा मिळाली नाही की तोंड आवळलं जातं आणि दाब वाढतो. घराची लांबी नळीच्या बुडाशी, खालच्या अंगाला कोरलेली असते. वाचता येत नसेल तर भिंगातून बघा.

आणि जाळ कमी व्हावा, बंदूक हाताळायला हलकी व्हावी म्हणून नळी कापायचा विचार कुणाच्या मनात असेल तर त्यानं उलटंच होईल, आत्ताच सांगितलं. शिवाय परवान्याविना नळी आखूड करणं कलम ६ चा भंग आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप आहे.

आपला जाळ एकदा डोळ्यांऐवजी मोबाइलनं बघा

डोळा या कामाला निरुपयोगी. जाळ काही हजारांश सेकंदांचा, तेवढ्यात डोळा दिपतो आणि आपल्या आठवणीत तो दुप्पट होतो. मी दोन काडतुसांच्या जाळावरून शेजारच्या आबांशी एक संबंध उन्हाळा वाद घातला. फोटो काढल्यावर दोघांचंही चुकलेलं निघालं.

अधिकृत रेंजवर, तिथल्या प्रमुखांना आधी विचारून, दिवस मावळतानाची वेळ मागून घ्या. शेतात हा प्रयोग करू नका. मोबाइल तिपाईवर, नळीच्या काटकोनात, गोळीबाराच्या रेषेच्या मागं ठेवा. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर एक ते दोन सेकंदांवर ठेवून आयएसओ एकच आकडा पक्का करा. ऑटो ठेवलं तर मोबाइल प्रत्येक वेळी स्वतःच्या मर्जीनं उजेड कमी-जास्त करतो आणि तुलनेची वाट लागते. स्लो मोशन व्हिडिओचा मोह होतो, पण २४० चौकटींच्या व्हिडिओतसुद्धा दोन चौकटींमध्ये चार हजारांश सेकंद जातात आणि जाळ कधी सापडतो, कधी अर्धा सापडतो. उघड्या शटरमध्ये सगळा जाळ एकाच चित्रात येतो.

मापासाठी एक वेळू घ्या, त्यावर वीतभर अंतरानं चुन्याचे पट्टे ओढा आणि सगळ्या बंदुका रिकाम्या असताना तो नळीच्या पलीकडच्या बाजूला, गोळीच्या वाटेपासून हातभर दूर, आडवा टेकवून ठेवा. शटर उघडलं की बार. प्रत्येक काडतुसाचे निदान पाच बार घ्या, कारण एकाच खोक्यातली दोन काडतुसंही सारखा जाळ देत नाहीत. मग पट्टे मोजा. जाळ किती पट्टे, रंग कसा, ठिणग्या आहेत का, वहीत उतरवा. खोक्यावरचा लॉट नंबर आणि त्या दिवसाचं तापमानही लिहा.

दारूची निवड: कुठं आपल्या हातात, कुठं नाही

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, रायफलवाले रिकामी पुंगळी पुन्हा भरतात. नवी टोपी (घोडा आपटला की ठिणगी देणारी), मोजून पावडर, नवी गोळी. पावडर ग्रेनमध्ये मोजतात, एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. त्यांच्यापुढं पावडरींची लांबच लांब यादी असते आणि जाळाचा प्रश्न ते पावडर बदलून सोडवतात. आपल्याकडं काडतूस भरणं हे कायद्यानं काडतूस तयार करणंच. कलम ५ प्रमाणे त्याला स्वतंत्र परवाना लागतो, बंदुकीचा परवाना त्याला पुरत नाही. रायफलची पावडर किराणा घ्यावा तशी मिळतही नाही. .३१५ वाल्याला सरकारी कारखान्याचं काडतूस घ्यायचं आणि वापरायचं. पण ते लोक पावडर कशी निवडतात हे कळलं की दुकानात दोन खोक्यांतलं कोणतं उचलायचं, हेही कळतं. म्हणून थोडक्यात सांगतो.

पावडर सावकाश जळणारी असते किंवा भराभर जळणारी. सावकाश जळणारी लांब नळीसाठी आणि जड गोळीसाठी. ती आखूड नळीत वापरली तर गोळी बाहेर पडली तरी मागचा दाब चढाच असतो आणि तोंडाशी आगीचा गोळा. म्हणून आखूड नळीवाले त्यातल्या त्यात भराभर जळणारी निवडतात, थोडा वेग सोडून देतात आणि जाळ बराच घटतो. हे सगळं पावडर करणाऱ्या कंपनीच्या छापील तक्त्याच्या आत राहून. तक्ता सोडून एक ग्रेन इकडं-तिकडं नाही.

दुसरा फरक घडणीचा. नुसत्या नायट्रोसेल्युलोजची पावडर तुलनेनं थंड जळते. तिच्यात नायट्रोग्लिसरीन मिसळलेली जास्त तापते. फ्रान्सच्या पॉल व्हिएलनं १८८४ मध्ये पहिल्या जातीची पावडर केली, आल्फ्रेड नोबेलनं तीनच वर्षांनी दुसऱ्या जातीची. आजही भांडण तेच: जोर हवा का गारवा. ब्रिटिशांचं कॉर्डाइट दुसऱ्या घराण्यातलं. निलगिरीतल्या अरुवनकाडूला त्याचा कारखाना त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच काढला होता. तोफांसाठी पुढं तिसरी जात निघाली, तिच्यात नायट्रोग्वानिडीन असतं आणि जाळ दबावा हाच तिचा एक हेतू.

तिसरी युक्ती मला सगळ्यात आवडते. पावडरीत पोटॅशियमचा क्षार अगदी थोडा मिसळतात, बहुधा पोटॅशियम सल्फेट. चुलीवर राख टाकली की जाळ बसतो हे आपल्याला माहीत आहे, आणि राखेतही पोटॅशियम असतं. पण इथं काम वेगळं होतं. राख हवा अडवते, हा क्षार ज्वाळेतल्या रासायनिक साखळीलाच खीळ घालतो. वायू तितकाच तापलेला, जळणही तितकंच, तरी पेट घेत नाही. याची किंमत धूर आणि नळीतला मळ यात मोजावी लागते. जाळ कमी केला की धूर वाढतो, हे या धंद्यातलं जुनं दुखणं. दिवसा उडवणाऱ्यानं धूर टाळावा, रात्रीच्यानं जाळ. दोन्ही एकाच खोक्यात मागू नका.

पुनर्भरण करणाऱ्यांचे दोन गैरसमज इथं निस्तरून टाकतो, कारण ते आपल्याकडंही ऐकू येतात. एक, जाळ लहान म्हणजे दाब कमी. नाही. भराभर जळणारी पावडर जाळ कमी देते आणि आतला दाब जास्त देऊ शकते. जाळ बघून दाब ओळखता येत नाही. दोन, थोडी कमी भरली की सुरक्षित. तेही नाही. सावकाश पावडर फार कमी भरली तर गोळी नळीतच अडकू शकते, आणि मागून दुसरी झाडली की संपलं.

आता आपलं दुकान. बारा बोअरची शक्तिमान काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, तो कारखाना १८६९ चा. रायफलची काडतुसं जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावलाही होतात. २०२१ पासून दारूगोळ्याचे हे सरकारी कारखाने म्युनिशन्स इंडिया या कंपनीखाली आले, तिचं मुख्यालय पुण्यातच. दुकानात चॉइस मर्यादित, पण तीन गोष्टी तुमच्या हातात राहतात: तारीख, लॉट आणि छऱ्यांचं वजन. नवी तारीख घ्या. एकाच लॉटची घ्या, म्हणजे वहीतल्या नोंदींना अर्थ राहील. आणि अडचण नसेल तर जड भाराच्या काडतुसाऐवजी मध्यम भाराचं घ्या. दारू कमी तर तोंडाशी येणारा वायू कमी. बारा बोअरच्या २८-३० इंची नळीत बहुतेक पावडर आधीच जळून गेलेली असते, म्हणून रायफलच्या मानानं तिचा जाळ तसाही सौम्य असतो.

भरमारवाल्यांसाठी: ठिणगी, बोळा आणि कडब्याची गंजी

मराठवाड्यात ज्वारी माघ-फाल्गुनात काढणीला येते. शिवारात सगळीकडं वाळलेला कडबा, पेंढ्या, गंजा. नेमकं याच दिवसांत जागलही जोरात. आणि भरमारीच्या तोंडून बाराबरोबर काय बाहेर पडतं? पेटता बोळा, दारूवर ठासलेला.

बापूंच्या काळात बोळा जुन्या धोतराचा. सुती कापड ठासलं की घट्ट बसतं, पण बाहेर पडताना त्याच्या कडा धुमसत असतात आणि ते पंधरा-वीस पावलांवर जाऊन पडतं. रात्री ते दिसत नाही. गंजीच्या बुडाशी पडलं तर तासाभरानं दिसतं, तेव्हा बघायला सगळा गाव येतो. आमच्या शेजारच्या शिवारात एकदा अशीच गंजी गेली, नुसत्या कोऱ्या बारानं. छरे नव्हतेच, डुकरं हुसकायला फक्त दारू आणि बोळा.

तेव्हापासून आमच्याकडं नियम ठरले. सुती चिंधी बंद. त्याऐवजी जाड लोकरी नमदा गोल कापून. लोकर चटकन धुमसत नाही, तिचा दर्प येतो आणि विझते. कागदाचा बोळा तर कधीच नाही. नळी गंजीकडं, वाळल्या गवताकडं, आखाड्याच्या छपराकडं रोखायची नाही. वारं अंगावर घेऊन बसायचं, म्हणजे ठिणग्या नांगरलेल्या रानाकडून आपल्याकडं येतील, गंजीकडं जाणार नाहीत. माळ्याखाली पाण्याची घागर आणि ओलं पोतं. आणि बार झाल्यावर पंधरा मिनिटांनी बॅटरी घेऊन बोळा शोधायचा, सापडेपर्यंत.

भरताना जाळ उलटा आपल्याकडंही येऊ शकतो. पहिल्या बारानंतर नळीत निखाऱ्याचा कण राहतो. वरून दारूचा डबा किंवा शिंग थेट नळीवर उपडं केलं तर कण पेटतो आणि आग डब्यात चढते. हातात तेव्हा एका बाराची नाही, पन्नास बारांची दारू असते. म्हणून दारू नेहमी छोट्या मापात काढून, डब्याचं झाकण लावून, डबा चार पावलं दूर ठेवून मगच नळीत ओता. त्याआधी गजाला ओलसर फडकं गुंडाळून नळीतून फिरवा आणि दोन मिनिटं थांबा. तोंड नळीवर आणायचं नाही. टोपी सगळ्यात शेवटी. टोपीच्या भोकातूनही बाजूला ठिणगी फेकली जाते, त्यामुळं उजव्या बाजूला कुणाला बसू देऊ नका आणि स्वतः साधा चष्मा तरी घाला. टोपी उडाली आणि बार झाला नाही तर नळी रानाकडंच रोखून किमान मिनिटभर थांबा, कधी कधी दारू उशिरा पेटते.

दारू परवानाधारक दुकानातूनच, परवान्यावर नोंद करून. घरी कुटलेली, जत्रेतून आणलेली, कुणीतरी दिलेली नको.

साठवण, म्हणजे मे महिना

पावडर तापली की जोमानं जळते आणि दाब चढतो. त्यात वर्षानुवर्षं उष्णता खाल्लेली पावडर हळूहळू कुजते. तिच्यात कुजणं थोपवणारा पदार्थ मिसळलेला असतो, पण तोही संपतो. काडतुसाच्या खोक्याला आंबट, झणझणीत वास आला किंवा पितळेवर हिरवट चट्टे आले तर ते काडतूस वापरू नका, जिथून घेतलं तिथं किंवा पोलीस ठाण्यात विचारून जमा करा.

आपल्याकडं मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याच्याही वर. जीपच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या काडतुसाचं काय होत असेल ते बघायला जाऊ नका. माळवदाचं घर अजून उभं असेल तर आतल्या खोलीसारखी जागा नाही. जाड मातीची भिंत, वर मातीचं छत, दुपारीही गार. तिथं कुलपाच्या लोखंडी पेटीत, बंदुकीपासून वेगळं ठेवा. देवघराच्या दिव्यापासून आणि इन्व्हर्टरपासून लांब. पावसाळ्यात काळी दारू ओल धरते, म्हणून डब्याच्या झाकणाला रबरी कडं हवंच. ओल लागलेली दारू उन्हात वाळवून परत वापरायचा उद्योग मी एकदा केला. ती पेटली, पण अर्धवट, फुसकन, आणि बोळा नळीतच राहिला. तो काढायला दुरुस्तीवाल्याकडं जिल्ह्याला जावं लागलं.

निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा करतो आपण, काडतुसं मात्र घरात कुठंतरी पडून राहतात आणि विसरली जातात. बंदूक परत आणली त्या दिवशी काडतुसांच्या तारखा तपासायची सवय लावून घ्या.

डोळे

कितीही निवडून घेतलं तरी थोडा जाळ राहणारच. अंधारात बघण्यासाठी डोळ्याच्या पडद्यावर जो रंगद्रव्याचा साठा होतो, तो एका झगझगीत उजेडानं उडतो आणि पुरता भरून यायला वीस ते तीस मिनिटं लागतात.

यावरचा उपाय फुकट आहे. चाप ओढण्याच्या आधी नेम धरायचा डोळा उघडा, दुसरा गच्च मिटलेला. बार झाल्यावर मिटलेला उघडा. त्याला जाळ दिसलेलाच नसतो, त्याला शिवार आधीसारखंच दिसतं. दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरायची सवय असलेल्यांना हे जड जातं, पण रात्रीपुरतं शिकून घ्या. जोडीदार असेल तर त्यानं बाराच्या वेळी मान फिरवून डोळे मिटायचे आणि नंतर जनावरं कुठं गेली ते त्यानं सांगायचं. आमचा सालगडी हे काम इतकं चोख करतो की "मालक, दोन ओढ्याकडं, एक बांधाला," असं बार विरायच्या आत सांगतो. आखाड्यावर बॅटरीच्या काचेला लाल कागद लावा. अंधाराला सरावलेला डोळा मंद लाल उजेडानं फारसा बिघडत नाही. मोबाइल मात्र खिशातच. जाळानं जेवढं नुकसान होत नाही तेवढं व्हॉट्सअॅप करतं.

विजापूरच्या मलिक-ए-मैदान तोफेजवळ पाण्याचा हौद आहे आणि बत्ती दिली की गोलंदाज त्यात बुडी मारायचा, असं तिथं सांगतात. ही तोफ विजापूरला नेण्याआधी आपल्या परंड्याच्या किल्ल्यावर होती. परंड्याला असताना गोलंदाज काय करत असेल, हा विचार माझ्या मनात दरवेळी येतो. कानात कापसाऐवजी रबरी बोंडं घाला, कापूस काही अडवत नाही.

घरी आल्यावर

भरमारीची नळी त्याच रात्री धुवा, सकाळवर टाकू नका. काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढते आणि पावसाळ्यात तर दुसऱ्या दिवशी गंजाचे ठिपके दिसतात. तेलानं ती निघत नाही, पाण्यानं निघते. बंदूक पुन्हा एकदा रिकामी असल्याची खात्री करा, चुलीवर पाणी उकळा, साबणाचा चुरा टाका, नरसाळ्यानं नळीत ओता, गजाला चिंधी लावून खालीवर करा. पहिलं पाणी शाईसारखं काळं आणि सडक्या अंड्याच्या वासाचं येईल, तो गंधक. चौथ्या-पाचव्या वेळी पाणी जवळपास स्वच्छ येतं. कढत पाण्यानं नळी तापलेली असते, त्यामुळं आतून आपोआप वाळते. मग कोरडं फडकं, मग तेलाचा हात. टोपीच्या भोकात काडी घालून साफ करा.

बारा बोअर आणि रायफलला नळी साफ करायचं द्रावण, तांब्याच्या तारांचा ब्रश आणि तेल पुरतं. कारखान्याचं काडतूस फार जुन्या तारखेचं असेल तर त्याच्या टोपीत क्षार मागं सोडणारा मसाला असू शकतो, तेव्हा तिथंही आधी गरम पाणी. धुतलेलं काळं पाणी मात्र उकिरड्यावर ओता, कोंबड्यांच्या भांड्यापासून लांब.